समोर कोण बसणार?

वडिवळे, ता. मावळ
भाद्रपद

प्रिय मैत्रिणी,

तुझा आवाजी निरोप ऐकला. मेलबर्नची थंडी सरत आली एवढं कळलं, बाकी निम्मा निरोप ट्रॅमच्या घंटांनी खाल्ला. मी उत्तर लिहूनच देतेय. बोलायला लागले की मी कुठल्या कुठे भरकटते, हे तुला माहीत आहे. लिहिलेल्यातली पानं तुला निदान गाळता येतील.

इकडे पाऊस हटायचं नाव घेत नाही. भात पोटरीत आलंय, धरण केव्हाच भरलंय, आणि शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईचे लोक ढग बघायला येतात व आमचा रस्ता अडवून बसतात. पण तुला 'निसर्गरम्य मावळ' ऐकवायला मी हे पत्र लिहीत नाहीये. माझ्याकडे ओसरीवर पाच पोरं येऊन राहून गेली, त्यांची गंमत तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. कारण त्यांना काय करायचंय, माहितीये? 'इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया प्रकल्प'!

हस. मीही हसले. आपण दोघी त्या कोंदट क्लासात बसून 'डायरेक्टर' हे सॉफ्टवेअर शिकत होतो, तेव्हा हेच दोन शब्द दारावरच्या पाटीवर होते. ती घरघरणारी सीडी, ते बटणावर माउस नेला की टुंग वाजणं, आणि आपल्याला वाटायचं की आता पुस्तकं संपली. ही पोरं त्या वेळी जन्मलीही नव्हती. पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहेत. त्यातला एक माझा भाचा, म्हणून बाकीच्यांचीही मी मावशी झाले. त्यांना वर्षअखेरच्या प्रदर्शनात मांडायला 'आसपासचा परिसर' असा विषय मिळालाय. कॅन्टीनमध्ये बसून परिसर सुचेना, म्हणून लोकल पकडून कामशेतला उतरले आणि सहाआसनी रिक्षानं आमच्या दारात.

आल्या आल्या रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे निघाले. कल्पना सुचली की चिठ्ठीवर लिहायची आणि भिंतीवर लावायची, अशी पद्धत. आता भाद्रपदात आमच्या भिंतीला ओल सुटलेली, तिला चिठ्ठी चिकटेल तर शपथ! एक लावली की दुसरी खाली. शेवटी मी सुतळी बांधून दिली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे दिले. दुपारपर्यंत ओसरीभर पिवळी-गुलाबी वाळवणं लटकत होती.

त्यांच्यातल्या चष्मेवाल्या पुढाऱ्यानं आधी नियम वाचून दाखवले. कुणी कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, वेडगळ कल्पनेचं स्वागत करायचं, आणि जितक्या जास्त कल्पना तितकं चांगलं. हे सगळं अॅलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं १९४८ आणि १९५३ सालच्या पुस्तकांतून सांगितलेलं. अजून जगभरच्या ऑफिसांत याचीच पारायणं चालतात. मी चहा ओतता ओतता म्हटलं, की १९५८मध्येच येल विद्यापीठातल्या लोकांनी हे तपासून पाहिलं होतं. चौघं एकत्र बसवले आणि चौघं वेगवेगळे बसवले. वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरल्या. पुढारी जरा हिरमुसला. पण अकोल्याची एक मुलगी होती, सकाळपासून तोंडातून शब्द नाही, ती वही उचलून म्हणाली, "मग मी पडवीत बसते." आणि गेली. ही मुलगी लक्षात ठेव.

बाकी चौघांनी जो काही धुरळा उडवला म्हणतेस! सांगलीच्या मुलाला कार्ल्याचं लेणं हवं होतं. डोळ्यांवर तो व्हीआरचा डबा चढवायचा की आपण थेट चैत्यगृहात. तो अभ्यास करून आला होता, हे कबूल केलं पाहिजे. सदतीस खांब, छताला अजून टिकून असलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी, खांबांवर कोरलेली दात्यांची नावं, त्यात धेनुकाकटाचे व्यापारी आणि यवनसुद्धा. वैजयंतीचा भूतपाल शेठ तर हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असल्याचं कोरून गेलाय. जाहिरात काही आजची नाही. याची कल्पना अशी, की खांबावर बोट ठेवलं की तो दाता बोलायला लागणार. आणि त्यानं लगेच घोगरा, घुमणारा आवाज काढून दाखवला. पिंपरीची मुलगी म्हणाली, "अरे, तो दुकानदार होता. बाहुबलीसारखा कशाला बोलेल?" नावं ठेवायची नाहीत हा नियम तिथेच मोडला, आणि मला वाटतं, तिथूनच बैठकीत जरा जीव आला.

पिंपरीच्या मुलीला स्वतःला लोकल हवी होती. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा, प्रत्येक स्टेशनचे आवाज टिपायचे. दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या. नकाशावर बोट सरकवलं की आवाज बदलणार. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ सालची, म्हणजे गोष्ट सांगायला तोटा नाही. मला आवडली होती ही कल्पना. भाच्याला मात्र कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंगवाल्यांच्या डोक्याला कॅमेरा बांधून उडवायचा होता. त्याला विचारलं, बघणाऱ्यानं काय करायचं? म्हणाला, "काही नाही, मजा घ्यायची." निदान प्रामाणिक उत्तर!

चष्मेवाल्याचा खेळ होता इंद्रायणी तांदळाचा. हा तांदूळ आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७चा. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर. रोप टाकायचं, चिखलणी, लावणी, बेणणी, झोडणी, सगळं मोबाइलवर बोटानं. शेजारचे काका ओसरीच्या कडेला विडी ओढत बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्या खेळात मानूस हारतो का न्हाई?" चष्मेवाला म्हणाला, कीड आली, पाऊस गेला की हरतो. काका म्हणाले, "त्यानं न्हाई हारत. इकायला काढू दे त्याला. मंग हारंल." मुलानं ते इमानदारीत चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

संध्याकाळी वाद पेटला तो 'पर्यायां'वरून. सांगलीकराचं म्हणणं, बघणाऱ्याला निवड करू द्यायची, जशी निवड तशी पुढची गोष्ट. मग मी त्यांना किनोऑटोमॅट सांगितला. १९६७ साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिंचेरा यानं असा सिनेमा आणला होता. मोक्याच्या जागी सिनेमा थांबायचा, नट स्वतः मंचावर यायचा आणि प्रेक्षकांनी खुर्चीला लावलेलं लाल किंवा हिरवं बटण दाबून पुढं काय घडावं ते ठरवायचं. लोक हरखून गेले. यातली खोच अशी, की कुठलंही बटण दाबा, गोष्ट फिरून पुढच्या त्याच वळणावर यायची आणि शेवटी ती इमारत जळायची ती जळायचीच. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. भाचा म्हणाला, "म्हणजे फसवलं?" मी म्हटलं, चिंचेराला तेच म्हणायचं असेल. आता तुम्ही सांगा, तुमच्या बटणांनी खरंच काय बदलणार आहे?

यावर शांतता. मग मी दुसरं विचारलं, की हे कुणासाठी करताय? "सगळ्यांसाठी." म्हटलं, समोरच्या आजींसाठी? त्यांच्या 'सगळ्यां'त आजी नव्हत्या, हे त्यांच्याही लक्षात आलं. पुढारी बिचारा चिठ्ठ्या उलटसुलट करायला लागला.

आजी दुसऱ्या दिवशी आपण होऊनच आल्या, विरजण मागायला. ओसरीत शिरल्या आणि सुतळीकडे बघून म्हणाल्या, "ह्ये काय वाळत घातलंय?" पोरांनी समजावलं. आजींनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं असेल असं काही मला वाटत नाही. तेवढ्यात कुणाला तरी सुचलं, आणि पोरांनी मोबाइल आजींच्या पुढ्यात धरला. आजी, जात्यावरची एखादी ओवी म्हणा ना.

आजींनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकलीनं? दळान न्हाई, जातं न्हाई, समोर कोन न्हाई. येड लागलंय का मला?"

पोरांना वाटलं, आजी लाजतायत. त्या अजिबात लाजत नव्हत्या. त्यांना खरंच सुचत नव्हतं. हात फिरल्याशिवाय ओवी वर येत नाही, ती डोक्यात नसतेच. मग आमचं जातं काढलं. गिरणी आल्यापासून ते पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली असतं. लग्नात घाणा भरायचा आणि हळद दळायची, तेवढ्यापुरतं बाहेर येतं. दोघा मुलांनी ओढून आणता आणता कंबर धरली. आजींनी दगडावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. टाकी लावून किती वर्षं झाली म्हणून मलाच झापलं. मी मूठभर तांदूळ आणले.

आणि समोर कोण बसलं? अकोल्याची मुलगी. आजींनी तिला एक पाय पसरून, एक दुमडून बसायला लावलं, खुंट्यावर आपल्या मुठीच्या वर तिची मूठ ठेवली. ओढायचं एकीनं, ढकलायचं दुसरीनं. पहिले काही फेरे नुसतीच घरघर. ती मुलगी जोर लावत होती, आजी म्हणत होत्या, "जोर नगं लावू, संगं ये." मग केव्हातरी फेऱ्याला फेरा लागला आणि आजींचा आवाज सुरू झाला. इतका सहज, की सुरुवात कुठे झाली ते मला सांगता येणार नाही. दोन ओळी झाल्या, मध्ये फेरे, पुन्हा दोन ओळी. मुलीला धाप लागली, हात ढिला पडला. आजींची ओळ अर्ध्यावर तुटली. "तू थांबलीस, म्या थांबले," एवढंच म्हणून त्या वैरण घालायला लागल्या.

अगं, आपण त्या क्लासात 'इंटरॅक्टिव्ह'ची व्याख्या घोकली होती ना, वापरणाऱ्याच्या कृतीला यंत्रानं दिलेला प्रतिसाद वगैरे? या जात्यात यंत्र प्रतिसाद देतच नाही. समोरची बाई देते. आणि ती नसली, तिचं लक्ष नसलं, तिला द्यायचा नसला, तर मिळत नाही.

रात्री पिठलं-भात खाताना मी पोरांना सांगितलं की तुम्ही जे करू पाहताय त्यातलं बरंच मोठं काम आपल्याच डोंगरांत होऊन गेलंय. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर तुला आठवत असतील. तो फ्रेंच माणूस पुण्यात येऊन राहिला, इथलाच झाला. दोघांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर मुळशी-मावळच्या वाड्यावस्त्यांवर काम करता करता ऐंशीच्या दशकात ओव्या जमवायला घेतल्या. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरलं. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पुष्कळशा ओव्या गावातल्या बायकांनीच गावातल्या बायकांकडून घेतल्या. समोर बसणारी बाई परकी नव्हती. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हा संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारा माणूस त्यांना येऊन मिळाला. त्यानं या सगळ्याची पद्धतशीर सूची संगणकावर घातली आणि गाणाऱ्या बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, गाव, बाई, विषय, चाल अशा नोंदींसह. म्हणजे आपण टुंग वाजणारी बटणं करत होतो, त्याच वर्षांत, त्याच शहरात! पॉइटवाँ २००४ला गेले, हेमाताई २०१०ला. २०१७पासून पी. साईनाथांच्या 'पारी' या संग्रहानं त्या ओव्या वेबसाइटवर आणायला सुरुवात केली, आवाजासकट, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि फोटोसकट. सीता, आई-लेक, भाऊ-बहीण, बाबासाहेब आंबेडकर, ज्या विषयानं शिरावं त्या विषयानं शिरता येतं.

पोरांनी तिथल्या तिथे मोबाइल उघडले. (रेंज भरपूर आहे इथे, उगाच रम्य कल्पना करून घेऊ नकोस.) पुढारी जरा वेळानं म्हणाला, "मावशी, मग आपण काय करायचं? झालंच की सगळं." माझ्या आधी अकोल्याच्या मुलीनं उत्तर दिलं, "यात ऐकता येतं. समोर बसता येत नाही."

आणि तिनं वही काढली. तिचा आराखडा करून झालेला होता. जातं खरंच ठेवायचं, दगडाचं. वरच्या दगडाच्या कडेला चुंबक, खालच्याला तो चुंबक ओळखणारा छोटा सेन्सर, त्यातून फेऱ्याचा वेग अर्डुइनो या छोट्या संगणकाला कळणार. दोघांनी समोरासमोर बसून फिरवलं तरच आवाज. हात थांबला की ओळ तुटणार, पुन्हा लय जमली की पुढची ओवी येणार. पडदा नाही, बटण नाही.

पिंपरीची मुलगी म्हणाली, प्रदर्शनात लोक एकेकटे येतात. अकोला म्हणाली, मग तिथल्या कुणाला तरी बोलवू दे ना, बस माझ्यासमोर म्हणून. सांगलीनं विचारलं, पुरुष बसले तर? सकाळी हा प्रश्न आजींपर्यंत गेला. आजी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की उत्तर राहूनच गेलं. मग म्हणाल्या, "बसू दे की. कळू दे."

पण खरा पेच पुढे होता. आजींनी नंतर चांगल्या मोकळ्या होऊन पुष्कळ ओव्या म्हटल्या, आणि ध्वनिमुद्रणालाही हरकत घेतली नाही. उठताना मात्र म्हणाल्या, त्यातल्या दोन ऱ्हाऊ द्या. त्या दोनांत नणंदेचं काही होतं, आणि ती नणंद पलीकडच्या आळीत राहते. नेमक्या त्याच दोन ओव्या सगळ्यांत धारदार होत्या, हे तुला सांगायला नकोच. चष्मेवाला म्हणाला, नाव न देता वापरू. पिंपरी म्हणाली, आवाज हेच नाव आहे, गावात कोण ओळखणार नाही? बराच वेळ घासाघीस झाली. अखेर भाच्यानं, ज्याला नुसती मजा घ्यायची होती त्यानं, लॅपटॉप उघडून त्या दोन फाइली पुसून टाकल्या आणि म्हणाला, आता वाद संपला. पुढारी अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीये. मला भाच्याचं पटतं. तरी एक चोरटी हळहळ माझ्याही मनात आहे, ती आजींना सांगू नये एवढंच.

मी त्यांना अजून एक गोष्ट बजावली, ती तुझ्यामाझ्या जुन्या दुःखातली. आपली ती सीडी आज कशावर उघडणार? नंतर फ्लॅशमध्ये केलेलं होतं, ते २०२०च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅशच बंद केल्यावर गेलं. आपण तर किरकोळ. बीबीसीनं १९८६ साली शाळाशाळांतल्या मुलांकडून आपापल्या परिसराची माहिती आणि फोटो गोळा करून लेझर डिस्कवर 'डूम्सडे' प्रकल्प काढला होता, दहा लाखांवर लोकांचा हात लागलेला. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि ते सगळं सोडवून घ्यायला संशोधकांना खास खटपट करावी लागली. म्हणून या पोरांना म्हटलं, जात्याचा खटाटोप हवा तेवढा करा, पण ओव्या साध्या मजकुरात लिहून ठेवा, आवाज साध्या फाइलीत ठेवा, आणि एक वही आजींच्या घरी द्या. त्यांच्या नातीला वाचता येतं.

तांदळाचं पीठ निघालं ते इतकं रवाळ, की त्याची भाकरी थापता थापता फाटली. पोरांनी तीही संपवली.

आता तुझ्याकडे कामं आहेत. तू म्युझियमात रोज लोकांना वस्तू हाताळायला देतेस, म्हणून विचारते. खुंट्यावर दोन वेगळ्या माणसांचे हात आहेत की एकाचेच दोन, हे ओळखायचं कसं? अकोल्याची मुलगी म्हणते, खुंट्याला वरखाली दोन धातूच्या पट्ट्या लावून स्पर्श मोजायचा. सांगली म्हणते, एकटा माणूस दोन्ही हात लावून फसवेल, त्यापेक्षा बसायच्या दोन्ही पाटांखाली वजन मोजणारे सेन्सर घालायचे. दगडाच्या धक्क्यानं ते टिकतील का? आणि दिवसभर लोक फिरवणार म्हटल्यावर दाणे घालायचे की नुसता दगड फिरवायचा? आजी म्हणतात, रिकामं जातं फिरवू नये, दगडाला दगड घासतो. यावर तुझ्याकडे काही तोड असली तर हवी आहे.

दुसरं म्हणजे, तुझी आई मुळशी खोऱ्यातली. तिला विचार, दळायला तिच्यासमोर कोण बसायचं. ओवी विचारू नकोस, फोनवर ती म्हणणार नाही. नुसतं बसणारीचं नाव आणि नातं विचार. पोरांनी गावोगावच्या अशा जोड्यांची यादी करायला घेतलीये, आणि आतापर्यंत तिच्यात सासू-सुना फार, जावा-जावा त्याहून जास्त, बहिणी जवळजवळ नाहीतच. हे का, यावर आमच्याकडे रोज नवी मतं निघतायत. प्रदर्शन फेब्रुवारीत आहे, तेव्हा सेन्सरचं आधी कळव, आईचं सावकाश चालेल. आणि या वेळी ट्रॅममधून बोलू नकोस.

तुझीच,
वडिवळेकरीण

ता. क. दगडाचं वजन विचारशील म्हणून आधीच सांगते, मोजलेलं नाही. दोन धडधाकट मुलं आणि एक कंबरेचा पट्टा, एवढं आहे.